कोकणातला लाकूडतोड्या आणि त्याचे घर

लाकूडतोड्या म्हटले की मुलांना एकच माणूस आठवतो. ज्याची कुऱ्हाड पाण्यात पडली, ज्याने सोन्याची आणि चांदीची कुऱ्हाड नाकारली आणि आपली लोखंडीच मागून घेतली, तो. गोष्ट प्रामाणिकपणाची आहे, पण ती ऐकताना कोणी विचारत नाही की तो झाडे कोणाची तोडत होता, ते लाकूड कुठे जात होते, आणि कुऱ्हाड हरवली म्हणून त्याला रडू कोसळावे इतके तिचे मोल का होते.

हे प्रश्न आपण एका खऱ्या मुलखातल्या लाकूडतोड्याला विचारून पाहू. मुलूख आहे मालवणचा किनारा आणि त्याच्या पाठचे डोंगर, म्हणजे आजचा सिंधुदुर्ग जिल्हा. काळ एकोणिसाव्या शतकाचा. जिल्हा १९८१ साली झाला. त्या काळी मालवण, देवगड, वेंगुर्ले हा किनारा इंग्रजांच्या रत्नागिरी कलेक्टरीत होता आणि मागचा सावंतवाडीचा मुलूख संस्थानात. ही विभागणी पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून लक्षात ठेवावी.

या लाकूडतोड्याचे नाव आपल्याला सांगता येणार नाही. त्याची वंशावळ नाही, चरित्र नाही. वर्षातले सहा-सात महिने तो भात आणि नाचणी पिकवत असे, म्हणून सरकारी कागदावर तो 'कूळ' होता. लाकूडतोड हा त्याचा उरलेल्या महिन्यांचा धंदा. पण झाड, कायदा आणि बाजारभाव यांनी त्याच्याभोवती इतक्या खुणा सोडल्या आहेत, की त्यांवरून त्याचे आयुष्य बरेच जुळवता येते.

त्याचे वर्ष

मृगाचा पाऊस पडला की कुऱ्हाड आढ्याला अडकवायची आणि नांगर धरायचा. भातलावणी, बेणणी, कापणी हे सारे दिवाळीच्या आसपास आटोपे. मग कार्तिकापासून वैशाखापर्यंत रान त्याचे. याच महिन्यांत पहिल्यांदा घरच्या शेतीसाठी 'कवळ' तोडायची, म्हणजे झाडांचे पाल्यासकट डहाळे उतरवायचे. ते वाळवून, भाताच्या तरव्याच्या जागी पसरून भाजायचे. यालाच भाजावळ म्हणतात. त्याने तण मरते आणि राख खत म्हणून मिळते. हे झाले की खोताचे, व्यापाऱ्याचे किंवा गलबत बांधणाऱ्याचे लाकूड तोडायला जायचे.

हिवाळ्या-उन्हाळ्यातच लाकूड तोडण्याचे कारण केवळ फुरसत नव्हते. पावसाळ्यात झाड वाढीच्या जोमात असते आणि लाकडात पाणी जास्त असते. असे लाकूड जड भरते, वाळताना तडकते आणि त्याला बुरशीही लवकर लागते. सागासारखी झाडे उन्हाळ्याच्या आधी पाने टाकतात, तेव्हा ती तोडलेली बरी. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा, म्हणजे त्याला कीड लागत नाही, असेही कोकणात सांगतात. यातले तथ्य कसे तपासायचे? बांबू पोखरणारा भुंगेरा येतो तो त्यातल्या पिष्टमय पदार्थासाठी. हे प्रमाण ऋतूप्रमाणे कमी-जास्त होते, म्हणून हंगाम पाळण्याला चांगला आधार आहे. चंद्राच्या कलांचा आधार मात्र तितका पक्का नाही. तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची रीतही याच तत्त्वावर चालते, कारण पाण्यात पिष्ट निघून जाते. पिष्ट हा शब्द ठाऊक नसलेल्या माणसाने त्यावरचा उपाय शोधून ठेवला होता.

हाताचे कसब

झाड पाडणे हे ताकदीपेक्षा हिशोबाचे काम. झाड ज्या बाजूला पडायला हवे त्या बाजूला आधी खोल खाच घ्यायची, मग उलट बाजूने, किंचित वर, घाव घालायचे. मधे थोडे लाकूड शिल्लक राहते, ते बिजागरीसारखे काम करते आणि झाड ठरल्या दिशेला कलते. उताराचा, वाऱ्याचा, फांद्यांच्या भाराचा अंदाज चुकला तर माणूस जातो. मुलांना हे मातीत रोवलेल्या पपईच्या दांड्यावर सहज करून दाखवता येईल.

पुढचे काम करवतीचे. ओंडका खड्ड्यावर किंवा उंच घोडीवर चढवायचा, गेरूत बुडवलेली दोरी ताणून त्यावर रेघ उठवायची, आणि लांब करवत दोघांनी ओढायची, एकाने वरून आणि एकाने खालून. वरचा रेघ सांभाळतो, खालचा जोर लावतो आणि दिवसभर भुसा डोळ्यांत घेतो. या कामात बाप वर आणि मुलगा खाली अशी जोडी जमणे स्वाभाविकच होते.

कोणते लाकूड कशाला, हे त्याला पाठ असे. साग गलबताला आणि खांबांना. आइन आणि किंदळ वाशांना. खैर मुसळाला आणि नांगराच्या भागांना, कारण तो झिजत नाही. शिवण हलकी आणि न वाकणारी, पांगारा तर इतका मऊ की सावंतवाडीचे कारागीर त्याची खेळणी आणि रंगीत फळे करतात. उंडीचे लाकूड होडीला आणि तिच्या बियांचे तेल दिव्याला. आइनाची सालही वाया जात नसे. तिच्या काढ्यात कोळी आणि गाबीत आपली जाळी बुडवत. सालीतल्या टॅनिनमुळे सुताची जाळी खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाहीत.

सागाला एवढी किंमत का? सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे ते पाण्याने फारसे फुगत-आकसत नाही, वाळवी त्याला लवकर खात नाही आणि त्यात ठोकलेले लोखंडी खिळे टिकतात. युरोपात जहाजांना ओक वापरत. त्यातल्या आम्लाने लोखंड गंजते. मुंबईच्या गोदीत जमशेटजी वाडियांनी सागाचे बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे. सिंधुदुर्गातही जहाजबांधणीची जुनी परंपरा होती. विजयदुर्गजवळ गिर्ये येथे मराठ्यांच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी अजून पाहता येते. अशा गोदीत जो साग आला, त्यावर पहिला घाव घालणारा माणूस आपल्या गोष्टीतला.

घरातली माणसे

लाकूडतोड हा एकट्या पुरुषाचा धंदा नव्हता. झाड तो तोडी, पण जळाऊ लाकूड रानातून खाली आणी त्याची बायको. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर मोळी, आणि पायवाट जांभ्या खडकाची. पाच-सात कोसांपलीकडचे लाकूड डोक्यावरून आणणे परवडत नाही, कारण जाऊन-येऊन दिवस संपतो आणि मिळालेल्या पैशांपेक्षा पोटाला लागणारे अन्न महाग पडते. म्हणून एखाद्या गावाभोवतीचे रान किती लांबपर्यंत विरळ होईल, हे बाईच्या मानेची ताकद ठरवी. खाडीजवळचे डोंगर आधी उघडे पडले आणि घाटाखालचे नंतर, यामागे एक कारण हेच आहे.

मुले हिरडे, शिकेकाई, रतांबे गोळा करत आणि गुरे राखत. म्हातारी माणसे ढलप्या वेचत. शिवाय घरची चूल होतीच. या भागात भात उकडून मग कांडण्याची पद्धत आहे. उकड्या तांदळाला साध्या तांदळापेक्षा जास्त सरपण लागते. चुन्याच्या भट्ट्या, कुंभाराचे आवे, खैराचा कात उकळण्याच्या चुली, या सगळ्यांना लाकूड लागे.

काही झाडांना मात्र हे घर हात लावत नसे. गावच्या देवराईतले झाड तोडायचे तर देवाला कौल लावावा लागे. कौल मिळाला नाही तर झाड उभे राही. आज या देवरायांमध्ये जी जुनी, प्रचंड झाडे दिसतात, ती या नकाराची आहेत.

झाड कोणाचे?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्र' लिहिले. आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे, याचा त्यात विचार आहे. साग, शिसव अशी रानातली झाडे परवानगीने तोडावीत, पण रयतेने लावलेल्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे दोन-चार वर्षांत होत नाहीत. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच घ्यावे. झाड वाढायला लागणारा काळ आणि ते वाढवणाऱ्याचे मन, या दोन्ही गोष्टी राज्यकारभाराच्या हिशोबात धरल्याचे हे आपल्याकडचे महत्त्वाचे उदाहरण आहे.

१८१८ नंतर कोकण इंग्रजांकडे आले. १८२४ साली दक्षिण कोकणचे कलेक्टर डनलॉप यांनी एक जाहीरनामा काढला. त्याने लोकांना आपल्या जमिनीतली झाडे लावण्या-तोडण्याची मोकळीक मिळाली. सरकारने आपला हक्क सोडला. हेतू असा की लोक झाडे लावतील आणि मुलूख सुधारेल. हेतू वाईट नव्हता. पण ज्याला मोकळीक मिळाली तो बहुतेक ठिकाणी खोत होता, कुऱ्हाड धरणारा कूळ नव्हे. कुळाला घरापुरते आणि अवजारांपुरते लाकूड मिळे. विकण्याचा निर्णय खोताचा, पैसा खोताचा आणि व्यापाऱ्याचा, आणि घाव घालण्याची मजुरी तेवढी कुळाची. शिवाय खोताकडे वेठ करावी लागे ती वेगळीच. पुढे सरकारने झाडांवर पुन्हा हक्क सांगितला, तेव्हा खोतांनी याच जाहीरनाम्यावर बोट ठेवून हायकोर्टापर्यंत वाद नेले. त्या वादांत झाडाचे दोन मालक दिसतात, सरकार आणि खोत. लाकूडतोड्या कुठल्याच बाजूला नाही.

सावंतवाडी संस्थानात चित्र थोडे वेगळे होते. तेथे साग-शिसवासारखी मोलाची झाडे दरबाराची मानत. आजही सिंधुदुर्गातल्या सरकारी जंगलाचा मोठा भाग जुन्या संस्थानच्या, सह्याद्रीला लागलेल्या पट्ट्यात आहे, आणि किनाऱ्याकडचे रान बहुतांशी खाजगी आहे. यावरून 'दरबाराने जंगल राखले, लोकांनी तोडले' असा निष्कर्ष चटकन काढू नये. घाटाजवळचा मुलूख चढा आहे आणि खाडीपासून लांबही. जिथून लाकूड आणणेच परवडत नव्हते, तिथले रान कोणाच्याही मालकीत टिकले असते. दोन कारणे एकाच वेळी काम करत असली की एकालाच सगळे श्रेय देता येत नाही, हा धडा विज्ञानाच्या तासालाही उपयोगी आहे.

लाकूड गेले कुठे?

किनाऱ्यावरच्या प्रत्येक खाडीच्या तोंडाशी बंदर होते आणि बंदरात मचवे, पडाव, फत्तेमाऱ्या. त्यांतून जळाऊ लाकूड मुंबईला जाई. मुंबईत किती लाकूड लागत असेल? १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. दर माणशी दररोज अर्धा किलो सरपण लागते असे धरू. हे आपण मानलेले आकडे आहेत, नोंदीतले नाहीत. तरी रोज सुमारे ३८६ टन आणि वर्षाला जवळजवळ १ लाख ४१ हजार टन लाकूड होते. एका मचव्यात २० टन मावते असे धरले, तर रोज १९-२० मचवे भरून लाकूड मुंबईच्या वखारींत यायला हवे. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून उरलेल्या आठ महिन्यांत त्याहूनही जास्त. हे सगळे मालवणहून येत नव्हते. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी अशा साऱ्या कोकणाचा त्यात वाटा होता. पण ही मागणी कोणा लाकूडतोड्याच्या हावेतून आली नव्हती. ती एका वाढत्या शहराच्या चुलींची होती.

खुंटाची गोष्ट

इथे एक शंका येते. इतकी तोड झाली तर कोकण वाळवंट का झाले नाही? पावसाळ्यात तर डोंगर हिरवेगार दिसतात.

उत्तर खुंटात आहे. आइन, किंदळ यांसारखी झाडे बुंध्याशी तोडली तरी मरत नाहीत. खुंटातून धुमारे फुटतात. जमिनीत जुनी मुळे शाबूत असल्याने हे धुमारे बियांपासून आलेल्या रोपापेक्षा लवकर वाढतात. आठ-दहा वर्षांत ते मनगटाएवढे, मांडीएवढे जाड होतात आणि जळणासाठी पुन्हा तोडले जातात. पुन्हा धुमारे, पुन्हा तोड. रान हिरवे राहते, पण त्यात म्हातारे झाड उरत नाही. सागाचा चांगला खांब व्हायला साठ ते ऐंशी वर्षे लागतात, आणि दहा वर्षांनी फिरून येणाऱ्या कुऱ्हाडीपुढे ते झाड कधीच मोठे होत नाही. मोठे झाड नाही तर त्याच्या पोकळीत घरटे करणारा धनेशही नाही. काही फेऱ्यांनंतर खुंटही थकतात आणि उघड्या उतारावरची माती पावसाबरोबर खाडीत जाते. रत्नागिरी जिल्ह्यातली राजापूरची खाडी गाळाने भरत गेली आणि एके काळचे मोठे बंदर मागे पडले. डोंगरउतारांवरून वाहून आलेली माती हे त्याचे एक महत्त्वाचे कारण.

लाकूडतोड्याच्या घराला याचा अर्थ असा, की आजोबाने तुळया कापल्या, बापाने वासे, आणि नातवाच्या वाट्याला फक्त सरपण आले. करवतीचे कसब जाणाऱ्याला मजुरी जास्त मिळते. सरपण तोडायला कसब लागत नाही. रानाबरोबर कारागिरीही उतरत गेली.

दोष कोणाचा?

मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक झाली. ते मुळात सर्जन आणि वनस्पतीचे जाणकार. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पतिउद्यानाचे काम त्यांनी पाहिले होते. डोंगर उघडे पडले की झरे आटतात आणि माती वाहून जाते, हे त्यांनी सरकारला पुन्हा पुन्हा कळवले. त्यांचे निरीक्षण मोलाचे होते. उपाय मात्र फिरत्या शेतीवर आणि तोडीवर बंदी असा होता, आणि तो आधी गरिबावर चालला.

१८६४ साली देशाचे वनखाते सुरू झाले, १८७८ साली कडक वनकायदा आला. सरकारी जंगलातून मोळी आणणे हा आता गुन्हा ठरू शकत होता. १८८३ साली महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याच्या या जाचावर सडकून टीका केली. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. एकाच शतकात सरकारने आधी हक्क सोडला आणि मग घट्ट आवळला. दोन्ही वेळा कुऱ्हाड धरणाऱ्याला कोणी विचारले नाही.

लाकडापाठोपाठ माणूस

१८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू झाली आणि पुढच्या तीस वर्षांत गिरण्यांचे पेवच फुटले. शिमगा-गणपतीला गावी येणारा चाकरमानी याच काळात तयार झाला. १८८१ साली मुंबईत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली माणसे एक लाखाच्या वर होती. त्या जिल्ह्यात तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्लेही येत होते.

या स्थलांतराची कारणे अनेक आहेत. तुटपुंजी भातशेती, खोताचा वाटा, वाढती तोंडे. पण त्या यादीत रानही घालायला हवे. कार्तिक ते वैशाख हे सात महिने ज्या कामावर घर चाले, ते काम आटत चालले होते. ज्या बंदरातून त्याने लाकूड चढवले, त्याच बंदरातून एक दिवस तो स्वतः चढला. मागे राहिली बायको. तिची मोळी चालूच होती, फक्त रानाची वाट आता जास्त लांब झाली होती.

खोती १९४९ च्या कायद्याने गेली. पण किनाऱ्याकडचे रान खाजगीच राहिले आणि ठराविक वर्षांनी ते तोडून जळाऊ लाकूड विकण्याची रीतही चालू राहिली. २०१३ साली हायकोर्टाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली. रान कोणाचे आणि ते राखण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा १८२४ चा प्रश्न तेव्हा पुन्हा पुढे आला. आज जमीनमालकाने झाड उभे ठेवावे असे आपल्याला वाटत असेल, तर झाड उभे असताना त्याच्या हाती काय पडते, याचाही विचार करावा लागेल. आज्ञापत्र लिहिणाऱ्याला ते कळले होते.

वर्गात करण्यासारखे

मुलांना गावातल्या सर्वात जुन्या घराचे खांब, तुळया आणि वासे मोजायला सांगावे. लाकूड कोणते, घेर किती, घर केव्हाचे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घ्यावे. मग त्यानंतर बांधलेल्या दोन-तीन घरांची तशीच मापे घ्यावीत. जुन्याकडून नव्याकडे येताना तुळईची जाडी आणि लाकडाची जात कशी बदलते, याचा आलेख काढावा. तो बहुधा गावच्या रानाचाच आलेख निघेल.

दुसरे काम गावांच्या नावांचे. वडाचापाट, फणसगाव, माडखोल अशी झाडांवरून आलेली किती नावे आपल्या तालुक्यात आहेत आणि ते झाड तिथे अजून दिसते का, ते पाहावे.

आणि तिसरे, गावातल्या सर्वात म्हाताऱ्या आजीला विचारावे की तिच्या लहानपणी मोळी आणायला किती लांब जावे लागे, आणि तिच्या आजीला किती. ही दोन अंतरे कुठल्याच दप्तरात सापडणार नाहीत. ती लिहून ठेवली, तर त्या नाव नसलेल्या घराच्या इतिहासाचे एक पान आपल्या शाळेत तयार होईल.